कॅन्सर पसरतो तो कसा, हेही सांगा

संपादक महोदय,

कॅन्सरवरील लेखांत गाठ, तपासण्या आणि औषधे यांची माहिती भरपूर असते. पण रुग्णाचा जीव बहुधा ज्यामुळे जातो, तो प्रसार पेशींच्या पातळीवर कसा होतो, हे क्वचितच वाचायला मिळते.

अवयवांच्या अस्तरातील पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात. अनेक कॅन्सरांत ही पकड सुटते. पेशीचा आकार बदलतो, ती हालचाल करू लागते, विकरांच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने भोवतालचे पटल भेदते आणि रक्तात किंवा लसिकावाहिनीत (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळीत) शिरते. तिथे बहुतेक पेशी मरतात. तगलेल्यांनाही वाटेल तिथे रुजता येत नाही, अनुकूल अवयवच लागतो. शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच बी आणि जमिनीची उपमा देऊन हे मांडले होते. प्रोस्टेटचा कॅन्सर अनेकदा हाडांत जातो. आतड्याचा यकृतात जातो, कारण आतड्यातले रक्त आधी तिथेच पोहोचते.

हे कळले की रुग्णाच्या घरच्यांचा मोठा गोंधळ मिटतो. हाडात पोहोचलेला स्तनाचा कॅन्सर हा हाडांचा कॅन्सर नव्हे. त्यावर स्तनाच्या कॅन्सरचेच उपचार होतात. काही पेशी वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात, म्हणूनच गाठ काढल्यावरही औषधे आणि तपासण्या चालू ठेवायच्या असतात. ‘आता बरे वाटतेय’ म्हणून त्या सोडणारे पाहिले की फार वाईट वाटते.

आपल्या आरोग्य पुरवणीत यावर आकृत्यांसह लेख द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक