रविवारच्या पॅलिओ जेवणाबद्दल

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी संध्याकाळी साडेसातला, रंकाळ्याजवळच्या नेहमीच्या गच्चीवर आपलं पॅलिओ जेवण आहे, म्हणजे शेती सुरू होण्याआधीचा माणूस खायचा त्या धर्तीचं. प्रत्येक घरानं एकच पदार्थ आणायचा, आठ माणसांना पुरेल एवढा. काय आणणार ते शुक्रवारपर्यंत इथे लिहा, नाहीतर सगळ्यांकडून सुकं मटणच येतं.

धान्य, कडधान्य, दूध-दही, साखर नको, हे सगळ्यांना पाठ आहे. अडतं ते मसाल्यात. आपली फोडणी शेंगतेलाची, आणि शेंगदाणा कडधान्याच्याच कुळातला. म्हणून खाण्याचं खोबरेल वापरा. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, डबी वाचून घ्या. रस्सा दाट करायला फुटाण्याची डाळ नको. सुकं खोबरं, तीळ, खसखस भाजून बारीक वाटली की तांबड्याला छान दाटपणा येतो. पांढऱ्याला नारळाचं दूध आणि काजू आहेतच. मटणाला दह्याऐवजी आलं-लसूण, लिंबू लावा. गूळही नको, आपल्या कोल्हापूरचा असला तरी.

तुपाबद्दल आपल्यात दोन मतं आहेत. घातलं असेल तर भांड्यावर चिठ्ठी लावाच. काजू-तिळाचीही लावा, कुणाला ॲलर्जी असू शकते.

आणि एक कळकळीची विनंती. शाकाहारी मंडळींना दरवेळी कोशिंबिरीवर भागवावं लागतं, हे बरं नाही. सुरणाचे काप, खोबरं-तिळाची भरली वांगी कुणीतरी मनावर घ्या. त्यांचे डाव वेगळे ठेवू.

ताट-वाटी घरून आणा, उरलेलं न्यायला डबाही.