कामापुढे तास लिहीत जा

सोन्या,

काल फोनवर तू म्हणालास ना, आई दिवस कुठे जातो कळतच नाही, तेव्हा तुला लेक्चरला जायची घाई होती म्हणून जास्त बोलले नाही, पण ते डोक्यातून काही जाईना. मेसेजमधून तुकड्या तुकड्यात लिहिलं असतं तर तू अर्धं वाचून पुढे गेला असतास, म्हणून पत्रच लिहितेय. निवांत वाच.

पहिलं म्हणजे आपण आळशी आहोत, हे डोक्यातून काढून टाक. मागच्या वेळी घरी आला होतास तेव्हा तुझी वही टेबलावर उघडीच होती, मी ते पान वाचलं, रागावू नकोस. सोमवारच्या यादीत सगळ्यात वर ‘रिपोर्ट – चॅप्टर दोन’. मंगळवारी परत तेच, बुधवारी तेच, गुरुवारी त्याच्याखाली दोन रेघा मारलेल्या. आणि खाली रिचार्ज, लायब्ररीची पुस्तकं, फॉर्मची प्रिंट, कुणाला तरी नोट्स पाठवणं, ह्या सगळ्यांपुढे छान बरोबरच्या खुणा. म्हणजे दिवसभर तू राबलास, पण जे सगळ्यात वर होतं तेवढं सोडून! पाच मिनिटांचं काम पण एक ओळ आणि वीस तासांचं काम पण एकच ओळ, मग हात आपोआप जे पटकन संपतं त्याच्याकडेच जातो, खूण केली की बरं वाटतं आणि चॅप्टर दोन बिचारं उद्यावर.

म्हणून माझं एकच मागणं आहे, यादीत प्रत्येक कामापुढे तास लिहीत जा. आणि नुसतं ‘रिपोर्ट’ असं लिहू नकोस रे, त्याच्या पोटात दहा कामं आहेत. ‘चॅप्टर दोनची पहिली चार पानं, अडीच तास, संध्याकाळी सहा ते साडेआठ’ असं लिही. मग बेरीज कर आणि दिवसात मावतंय का बघ. आठवड्याचे तास 168, रोजची आठ तास झोप धरली तर 56 गेले, राहिले 112. त्यातून कॉलेज आणि येणंजाणं काढ, जेवण आंघोळ कपडे खोली आवरणं काढ, मित्र, फोन, खेळ आणि नुसतं दमून पडणं हेही प्रामाणिकपणे काढ, रोजचे तीनेक तास खऱ्या कामाचे उरले तरी खूप झाले. आणि तुझी यादी असते आठ-नऊ तासांची. रात्र थोडी सोंगं फार, दुसरं काय होणार?

आता तास लिहिताना एक घोळ होतो आणि तो सगळ्यांचाच होतो. आपण नेहमी कमी धरतो. ह्याला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव 1979 मध्ये कानमन आणि ट्वर्स्की ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी दिलं. पुढे 1994 मध्ये रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यांनी तुझ्यासारख्याच शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. मुलांचा सरासरी अंदाज साधारण 34 दिवस. सगळं बिघडलं तर किती लागतील असं पण विचारलं, तर म्हणाले 48-49. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर! म्हणजे मुलांनी वाईटात वाईट धरलं होतं त्याच्याही पुढे गेलं. कारण अंदाज बांधताना आपल्या डोळ्यांपुढे फक्त ते काम असतं, मधे येणारा ताप, बंद पडलेला लॅपटॉप, सर रजेवर, हे काही दिसत नाही. तेव्हा मनात जो आकडा येईल तो दीडपट करूनच लिही, आणि मनातल्या आकड्यापेक्षा मागच्या वेळी तसल्याच कामाला किती वेळ लागला होता ते आठव, तो आकडा जास्त खरा. मागचा चॅप्टर किती दिवस चालला होता ते तुला चांगलं ठाऊक आहे.

दुसरं असं की जे काम आवाज करतं ते आधी होतं. फोन वाजला, ग्रुपवर कुणी विचारलं, आज शेवटची तारीख आहे, की आपण उठून करतो. रिपोर्ट काही हाक मारत नाही, व्यायाम हाक मारत नाही. आयझेनहॉवर अमेरिकेचे अध्यक्ष असताना 1954 च्या एका भाषणात, एका कॉलेजच्या माजी प्रमुखांचं वाक्य म्हणून बोलले होते की तातडीचं ते महत्त्वाचं नसतं आणि महत्त्वाचं ते कधीच तातडीचं नसतं. मला ते पूर्ण पटत नाही, दाराशी अँब्युलन्स उभी असली तर दोन्ही एकच असतं, पण रोजच्या दिवसाला बऱ्यापैकी लागू पडतं. तर जे हाक मारत नाही त्याला तूच वेळ नेमून दे. तुझं डोकं सकाळी चांगलं चालतं हे मला तुझ्या शाळेपासून माहितीये, मग ती सकाळ मेसेजना का देतोस? लेक्चर नसेल त्या दिवशी पहिले दोन तास रिपोर्टचे, फोन दुसऱ्या खोलीत.

फोनचं एवढं का म्हणते, तर एका कामातून उठून दुसऱ्यात गेलं की मन लगेच मागून येत नाही, थोडं पहिल्यातच अडकून राहतं, विशेषतः ते अर्धवट राहिलं असेल तर. सोफी लेरॉय ह्या संशोधक बाईंनी 2009 मध्ये ह्यावर लिहिलंय. त्यामुळे दहा मिनिटांत येतो म्हणून उठलास तरी नुकसान दहा मिनिटांचं नसतं. उठायचंच असेल तर उठण्याआधी एक ओळ लिहून ठेव, आल्यावर नेमकं कुठून सुरू करायचं ती. मन मोकळं होतं, आणि परत बसल्यावर ‘कुठे होतो मी’ करत बसावं लागत नाही.

झोपेतून मात्र तास काढायचे नाहीत. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास लागतातच, तू पाचवर आणतोस आणि मग दुसऱ्या दिवशी तेच पान तीनदा वाचतोस. ह्यावर मी अजिबात ऐकून घेणार नाही.

आता तुला न आवडणारं. तास लिहिलेस की दिसेलच की सगळं मावत नाहीये, मग काहीतरी खोडावं लागणार. माझ्या मते ती फेस्टिव्हलची कमिटी. तुला मित्रांना नाही म्हणता येत नाही आणि तो तुझा चांगुलपणा आहे, मला आवडतो तो, पण तिथे हो म्हणालास तेव्हा रिपोर्टला, झोपेला आणि रविवारच्या क्रिकेटला तू नाही म्हणालास, फक्त ते कुणाला ऐकू गेलं नाही. क्रिकेट नको सोडूस. कमिटीवाल्यांना उद्याच सांग, शेवटच्या आठवड्यात सांगितलंस तर त्यांची पंचाईत होईल. स्पष्ट सांग की सबमिशन होईपर्यंत जमणार नाही, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून येईन आणि पडेल ते काम करेन. एवढं बोललं तर कोणी तोडून टाकत नाही. आणि आई म्हणाली असं नको सांगूस, तुझं कारण तूच दे.

तुझी,
आई

ता.क. रविवारी फोन केलास की चॅप्टर दोनला आत्तापर्यंत खरे किती तास लागले तेवढं सांग, किती पानं झाली ते विचारणार नाही.