बॅकअप झाला, पण कोणत्या डिस्कवर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बॅकअप घ्या, हे आपल्या अंकात अनेकदा वाचले आणि पाळलेही. त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते: ड्राइव्ह नेमकी कुठे माउंट झाली, म्हणजे कोणत्या फोल्डरला जोडली गेली, तेही बघा.

मी निवृत्त ग्रंथपाल. वडिलांची हस्तलिखित पत्रे स्कॅन करून लिनक्स प्रणालीच्या संगणकावर ठेवली आहेत. रोज रात्री क्रॉन (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) एक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, चालवते आणि ती पत्रे बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवते. ड्राइव्हचे लेबल 'पत्रे', आणि मीडिया फोल्डरमध्ये ती त्याच नावाने दिसायची. एका रात्री ती जोडायची राहिली. स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालणारी. तिने त्या जागी त्याच नावाचे साधे फोल्डर बनवले आणि पत्रे त्यात टाकली. सकाळी ड्राइव्ह जोडली, तर नाव अडलेले, म्हणून ती 'पत्रे१' नावाने माउंट झाली. पुढचे चार महिने मूळ आणि प्रत एकाच डिस्कवर. डिस्क भरल्याचा इशारा आला, तेव्हा कळले. तोवर ती डिस्क बंद पडली असती तर, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

दुरुस्ती अवघड नाही. आधी त्या फोल्डरमधली पत्रे खऱ्या ड्राइव्हवर उतरवली, ड्राइव्ह अनमाउंट केली. फोल्डर पुसण्यापूर्वी 'फाइंडएमएनटी' (findmnt) ही आज्ञा चालवून तिथे काहीही माउंट नाही याची खात्री केली. इथे घाई झाली तर खरी प्रतच जाते. मग एमएनटी (/mnt) फोल्डरखाली कायमची जागा करून, काय कुठे माउंट करायचे ते सांगणाऱ्या एफएसटॅब (/etc/fstab) फाइलमध्ये नोंद घातली. नोंदीत लिनक्स ड्राइव्हला देते ते 'एसडीबी१' (sdb1) असे नाव लिहू नये, ते जोडणीच्या क्रमाने बदलू शकते. 'बीएलकेआयडी' (blkid) ही आज्ञा दाखवते तो यूयूआयडी, म्हणजे ड्राइव्हचा स्वतःचा ओळखक्रमांक, लिहावा. सोबत 'नोफेल' (nofail), म्हणजे ड्राइव्ह नसली तरी पुढे चला असे सांगणारे पद, हवेच. ते नसेल आणि ड्राइव्हही नसेल, तर संगणक सुरू करणारी सिस्टिमडी ही यंत्रणा साधारण ९० सेकंद वाट बघते आणि संगणक नेहमीसारखा सुरू न होता इमर्जन्सी मोडमध्ये जातो. रीस्टार्टआधी एफएसटॅबमधल्या नोंदी लगेच माउंट करून बघणारी 'माउंट -ए' (mount -a) ही आज्ञा चालवली की नोंदीतली चूक तिथेच कळते.

पण एवढ्याने माझा मूळ प्रश्न सुटत नव्हता. ड्राइव्ह नसली तरी एमएनटीखालचे रिकामे फोल्डर असतेच, आणि स्क्रिप्ट पुन्हा त्यातच लिहिणार. म्हणून आता ती पहिल्याच ओळीत 'माउंटपॉइंट' (mountpoint) ही आज्ञा चालवून त्या फोल्डरवर काही माउंट आहे का ते बघते. ड्राइव्ह सापडली नाही तर एकही पत्र न हलवता थांबते आणि मला मेल पाठवते. बॅकअपविषयी पुन्हा लिहाल तेव्हा ही एक ओळ जरूर छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल