ट्रकचालकाची तपासणी सहीपुरती नको

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मालवाहू लायसनला लागणाऱ्या वैद्यकीय दाखल्यात, म्हणजे फॉर्म वन-एमध्ये, डॉक्टरांना विचारले जाते: चांगल्या उजेडात 25 मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखतो का, ऐकू येते का, रातांधळेपणा आहे का. रक्तदाब, साखर आणि झोप यांना रकानाच नाही. आमच्या रत्नागिरीची गाडी तर रात्रीच धावते. हापूसच्या पेट्या पहाटे वाशीला पोचवायच्या असतात.

साखरेचेच घ्या. ग्लिमेपिराईड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि 'कशेडी घाट उतरल्यावर जेवू' म्हणून जेवण लांबवले, की रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटरला) खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, मग काही सुचेनासे होते. शेजारी बसलेल्या क्लीनरला वाटते, डुलकी लागली. नुसत्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीने असे क्वचितच होते, म्हणून 'मधुमेह आहे का' एवढे विचारून भागत नाही. गोळीचे पाकीट बघावे लागते.

फॉर्मचा नमुना केंद्र सरकारचा आहे, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 8 प्रमाणे हे डॉक्टर अधिसूचनेने नेमण्याचा अधिकार राज्याचा आहे. तपासणी कशी करायची, हे त्यांना नेमतानाच लिहून द्या. चालकाला पाच मिनिटे शांत बसवून रक्तदाब घ्यावा, चहा-तंबाखू झाली असेल तर अर्ध्या तासाने. स्टिअरिंग ओढून दंड जाड झालेले असतात. रक्तदाबयंत्राचा लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच चढतो. प्रत्येक डोळा वेगळा झाकून सहा मीटरवरचा तक्ता वाचून घ्यावा, नाहीतर अधू डोळा चांगल्या डोळ्याआड लपतो. ग्लुकोमीटरची एक पट्टी. झोपेत श्वास अडत असल्याचा संशय येतो का, हे कळायला घोरतो का, दिवसा पेंगतो का, हे विचारून गळ्याचा घेर टेपने मोजावा.

2019 च्या दुरुस्तीने मालवाहू लायसनची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, घातक माल नेणाऱ्यांची एकावरून तीन. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतून रसायनांचे टँकर निघतात ते याच मुदतीवर. दोन तपासण्यांमध्ये एवढे अंतर असेल तर हातातली तपासणी तरी खरी हवी.

आणि बिघाड सापडला की थेट 'अपात्र' लिहू नका. पोटावर पाय येणार म्हटल्यावर कोण खरे सांगेल? 'तात्पुरता अपात्र, उपचार घेऊन तीन महिन्यांनी फेरतपासणी' असा शेरा हवा, आणि ती फेरतपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत व्हावी.

आपले,
चालकांची तपासणी करणारे रत्नागिरी जिल्ह्यातील काही डॉक्टर