मासे पहाटे मरतात, नमुना दुपारी भरला जातो

मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, कुठेही मेलेल्या माशांचा खच दिसला की ‘केमिकल सोडले’ अशी ओरड होते आणि दुपारी कधीतरी पाण्याच्या नमुन्याची बाटली भरली जाते. तोवर पुरावा बहुधा गेलेला असतो.

विरघळलेला प्राणवायू सूर्योदयाच्या जरा आधी सर्वांत कमी असतो. रात्रभर शेवाळ आणि सांडपाण्यातले जिवाणू तो खातात, वरून जलपर्णी हवा मिसळू देत नाही. माशांना लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम लागतो. एकच्या खाली गेला की बहुतेक जाती गुदमरतात. ऊन चढले की शेवाळच तो भरून काढते आणि दुपारचा आकडा निर्दोष येतो. वळवाच्या पहिल्या सरीने बंधाऱ्यामागचा काळा गाळ ढवळला तर मात्र भरदिवसाही हेच घडते.

अमोनियाची वेळ उलटी. 25 अंश तापमानात सामू (pH, पाण्याची आम्ल-अल्कता) 7 असेल तर एकूण अमोनियातला शेकडा एकही भाग जहाल रूपात नसतो. सामू 9 ला तो शेकडा 35 च्या आसपास जातो. शेवाळामुळे सामू चढतो तो दुपारीच. म्हणून नमुने पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळी हवेत.

मासेही नीट पाहायला सांगा. मोठे आधी मेले, तोंडे वासलेली, तर प्राणवायू संपला. मरळ आणि मांगूर वरची हवा घेऊन तगतात. तेही उलटे झाले असतील तर विषाचा संशय घ्यावा. कल्ले चॉकलेटी दिसले तर नायट्राइटची विषबाधा. क्लोरिन लवकर उडून जातो, त्याची ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाणी पिवळे होते का ते पाहणे) काठावरच करावी.

प्राणवायू मोजण्यासाठी 300 मिलीची काचेची बाटली, आत एकही बुडबुडा नको. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही प्राणवायू बांधून ठेवणारी रसायने जागेवरच घालावी, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जिवाणू बाटलीतलाही प्राणवायू संपवतात. कुजलेला मासा निरुपयोगी. तडफडणारा पकडून फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवावा. जिवंत मासे दिसेपर्यंत प्रवाहाच्या वरच्या अंगाला जावे आणि मधल्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी बाटली भरावी. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे घेतला नाही, तर तो कोर्टात टिकत नाही.

नदीकाठच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत प्राणवायू मीटर, सामू मीटर आणि या बाटल्यांची पेटी ठेवावी, खबर मिळताच पहिला नमुना तिथल्याच माणसाने घ्यावा, असा आदेश वळवाच्या पावसाआधी काढावा.

आपले,
पुण्यातील नदी व मत्स्य अभ्यासक