आरोग्यमंत्री साहेब, आमच्या आईला कॅलेंडर आधीपासूनच वाचता येत नाही

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सोलापूरहून सविनय नमस्कार.

तुमचा वेळ मोलाचा, म्हणून मुद्द्याचंच लिहितो. मंगळवारी आईला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो. नाव लिहीत नाही, लिहिलं तर सगळं तिथल्या शिकाऊ डॉक्टर पोरीवर येईल आणि तिचा काही दोष नाही. आई चौऱ्याहत्तरची, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का बघायचं होतं. सकाळी साडेआठला नंबर लावला, एक वाजता आत घेतलं. पोरीनं कागद काढला आणि विचारलं, आजी, आज तारीख काय?

आई म्हणाली, आज पाण्याचा दिस.

शून्य मार्क.

साहेब, त्या दिवशी खरंच पाण्याचा दिवस होता ओ. आमच्याकडं चार-पाच दिवसाआड नळाला पाणी, ते तुम्हाला माहीत असेलच. आई शाळेची पायरी चढली नाही, तारीख तिला चांगली होती तेव्हाही माहीत नव्हती. तिचं कॅलेंडर म्हणजे पाण्याचा दिवस, विडीच्या पगाराचा दिवस आणि गड्ड्याची जत्रा. पुढं म्हणे शंभरातून सात वजा करत जा. मग एक वाक्य लिहा. मग दोन पंचकोन काढून दाखवले आणि असंच काढा म्हणाली, तर आईनं तो कागदच हातात घेतला आणि गुंडाळायला लागली. चाळीस वर्षं विड्या वळल्यात तिनं, दिवसाला हजार. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, हजाराला किती कट्टे हे आज विचारा, चाळीस म्हणून सांगते. ते कुणी विचारलंच नाही. तीसपैकी सहा.

मग कागद घेऊन खिडकीवर. तिथला माणूस म्हणाला यादीत हा आजार नाही. मी म्हटलं नीट बघा, तर म्हणाला २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, पार्किन्सन आहे, डिमेन्शिया नाव कुठं दिसतंय का तुम्हीच बघा. बघितलं, खरंच नाही. मग मेहेरबानी केल्यासारखं म्हणाला, मानसिक आजारात बसवून बघू का, नायतर मतिमंदात. आई शेजारीच उभी होती, पदराचं टोक वळत. ऐकू कमी येतं तिला, ते एक बरं.

गेल्या सप्टेंबरात आमच्या भागात शिबिर झालं होतं. स्टेजवरून एक साहेब बोलले की दोन महिन्यांत विसरभोळ्या ज्येष्ठांसाठी वेगळी ओपीडी काढतो. टाळ्या झाल्या, मीपण वाजवल्या. दोन महिने कधीच होऊन गेले, बॅनर अजून भिंतीवर आहे, लवकर निदान वेळेवर उपचार.

आई रात्री दोन-अडीचला उठते आणि कारखान्यात माल द्यायचाय म्हणून दाराची कडी काढायला लागते, तेव्हा तिला बसवून मी मोबाईलवर वाचत बसतो. पाच महिने तेच चाललंय. जग कुठं गेलंय साहेब. अमेरिकेत मे २०२५ मध्ये रक्ताच्या तपासणीला मंजुरी मिळाली, रक्तातली दोन प्रथिनं मोजायची आणि मेंदूत अल्झायमरवाला (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) कचरा साठलाय का याचा अंदाज काढायचा. त्याच्यावर लेकानेमॅब नावाचं इंजेक्शन आलंय, दर दोन आठवड्याला सलाईनमधून. १,७९५ जणांवर अठरा महिने बघितलं तर आजार २७ टक्के हळू झाला, ऐकायला भारी वाटतं, पण आजार मोजायच्या अठरा गुणांच्या पट्टीवर फरक अर्ध्या गुणाचाही नाही, वर काहींच्या मेंदूला सूज, रक्तस्राव. तिकडं वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर, म्हणजे आपले बावीस लाख तरी. मला ते नकोच आहे, घाबरू नका. आणि ते देतात अगदी सुरुवातीच्या पेशंटला. आमची सुरुवात दोन वर्षं बी-१२ च्या गोळ्या आणि ‘वय झालंय हो’ ऐकण्यात गेली.

२०२४ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकाचा अहवाल आला. चौदा गोष्टी वेळेत सांभाळल्या तर जगातले ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा पुढं ढकलता येतील म्हणे. यादीत शिक्षण कमी हे पहिलंच, ऐकू कमी येणं पण आहे, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आहेच. मी यादी वाचली आणि हसलो. आमच्या घराला लागून पॉवरलूम, मधे एकच भिंत, चाळीस वर्षं खटखट. बाबा त्यातच काम करून ठार बहिरे झाले आणि गेले, आईचे कान नंतर गेले. अमेरिकेत ९७७ म्हाताऱ्यांना घेऊन तीन वर्षं कानाच्या मशीनचा अभ्यास केला. सगळे मिळून फार फरक नाही निघाला, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांची घसरण ४८ टक्के कमी. आमच्या आईलाही शिबिरात मशीन मिळालं की! शिट्टी मारतं नुसतं. सेल संपला तर कुठं मिळतो विचारलं तर म्हणाले, शिबिरवाले गेले.

अजून एक ऐका. हैदराबादच्या निम्स या मोठ्या दवाखान्यात ६४८ पेशंटचा अभ्यास झाला, २०१३ ला छापून आला. दोन भाषा येणाऱ्यांना आजार साडेचार वर्षं उशिरा लागलेला दिसला, न शिकलेल्यांतसुद्धा. आईला तीन यायच्या. माहेर अक्कलकोटकडचं म्हणून कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या वाड्यात राहून तेलुगू, आणि मराठी. म्हणजे असलीच तर तेवढी वर्षं तिला शेजारणींनी दिली, शासनानं नाही. आता मराठी उतरत चाललीय आणि कन्नड वर यायलीय. मला अण्णा म्हणते. अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ, वारून वीस वर्षं झाली. माझा पोरगा तिच्याजवळ बसतो पण त्याला एक अक्षर कळत नाही, मग दोघं नुसते हसतात. सीमावादाच्या महाजन आयोगानं १९६७ ला अक्कलकोट कर्नाटकला द्या म्हटलं होतं, आपण दिलं नाही, आई मात्र एकटीच तिकडं निघून गेली.

आणि आता तुमच्या कामाची गोष्ट. आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, मेंदूच्या तपासणीच्या प्रश्नांचा एक संच तयार केलाय, आपल्या लोकांसाठी, कमी शिकलेल्यांचाही विचार करून. २०२० ला आला तेव्हा भाषा पाच: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी नाही. बारा-तेरा कोटींचं राज्य, मराठी नाही. तुम्ही कुणी विचारलं होतं का? असू दे. सोलापुरात तेलुगू आहे, कन्नड आहे, तोच वापरा की, परवानगी मीच देतो पाहिजे तर. कर्नाटकनं २०२२ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेला घेऊन मेंदूच्या आरोग्याचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. हद्द आमच्यापासून तासाभरावर आहे, एसटी जाते.

आकडा पाहिजे असेल तर हा घ्या, माझा बोटावरचा हिशोब. देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, ८८ लाख माणसं, हे २०२३ ला छापून आलंय. सोलापूर शहर २०११ ला साडेनऊ लाख. दहा टक्के म्हातारे धरा. सात हजार. सात हजार घरं दाराला आतून कुलूप लावून झोपतात आणि तुमच्याकडं त्यांच्यासाठी एक खिडकी मला दिसली नाही.

योजना आहेत, खोटं बोलत नाही. ज्येष्ठांसाठीच्या वयोश्री योजनेचे तीन हजार मिळाले, एकदाच मिळतात. डायपरच महिन्याला अडीच हजाराचे जातात. सत्तरीपुढच्यांना पाच लाखांचं आयुष्मान कार्ड, तेही काढलं, पण त्यासाठी ॲडमिट व्हावं लागतं आणि हा आजार कॉटवरचा नाही, हा रात्री अडीचला कडी काढणारा आजार आहे. मी टॉवेल कारखान्यात सुपरवायझर होतो, नाईट सोडली, मग नोकरीच सुटली, आता झेरॉक्सचं दुकान बघतो अर्धा दिवस. बायकोनं शिवणकाम बंद केलं. बहीण पुण्याहून फोन करून सांगते आईला बदाम देत जा. मागच्या महिन्यात तिसऱ्यांदा कपडे बदलताना मी आईवर हात उगारला. मारला नाही. तिनं डोळे मिटून घेतले आणि अण्णा, होडीबेड म्हणाली. मारू नको. एवढं कन्नड मला येतं. हे मी बायकोलापण सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही वाचणार नाही याची खात्री आहे.

मागतो काय, तर जिल्ह्यात एका तरी सरकारी ठिकाणी आठवड्यातून एक ठरलेला दिवस, न शिकलेल्या बाईला विचारता येतील असे प्रश्न, आणि दिल्लीला एक पत्र की त्या एकवीसच्या यादीत बावीस करा. विमानतळ झाला, उड्डाणपूल होतील, स्मार्ट सिटीचे दिवे लागले, त्या दिव्याखालून आई मागच्या दिवाळीत चप्पल न घालता सिद्धेश्वर तलावापर्यंत गेली होती. फुलवाल्या बाईनं बसवून ठेवलं, तिच्या पदराला गाठ मारून. चौदा कॅमेरे असतील त्या रस्त्यावर, सापडली ती फुलवालीमुळं.

अजून बरंच लिहायचं होतं, तुमच्या त्या हेल्पलाईनवर चाळीस मिनिटं गाणं ऐकलं ते राहिलंच. पण पावणेतीन झालेत आणि नळ सू सू करायला लागलाय. आई उठून बसलीय, घागर कुठंय विचारतीय. मी आज विसरलो होतो, तिच्या लक्षात होतं. भरून घेतो आधी.

आपला,
एक विडी कामगार बाईचा मुलगा,
पूर्व भाग, सोलापूर