सूत्रांची यादी म्हणजे तयारी नव्हे

महोदय,

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या परीक्षेसाठी शेवटच्या महिन्यात रोज सूत्रांची यादी वाचावी, असा सल्ला देणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. हा सल्ला मला पटला नाही. सूत्र आठवते, पण ऐनवेळी त्यावर विश्वास बसत नाही, अशी मुले मी शिकवताना वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

साध्या लंबकाचेच घ्या. त्याच्या आवर्तकालाच्या (एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेच्या) सूत्रात वर्गमुळात अंशस्थानी लांबी की गुरुत्व त्वरण, हा गोंधळ हमखास होतो. लांबीच्या मीटरला गुरुत्व त्वरणाच्या ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ने भागले की सेकंदाचा वर्ग उरतो, त्याचे वर्गमूळ सेकंद, म्हणजे आवर्तकालाचे एकक. उलटे लिहिले तर एकक जुळतच नाही. (सूत्रातला ‘दोन पाय’ (२π) हा गुणक मात्र या पडताळणीतून मिळत नाही, तो लक्षात ठेवावाच लागतो.) एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल सुमारे २ सेकंद असतो, तो ४ सेकंद करायचा तर लांबी दुप्पट नव्हे, चौपट लागते. हे ज्याला स्वतः सुचले, त्याला यादीची गरज उरत नाही.

म्हणून रोज एक तरी सूत्र कोऱ्या कागदावर मुळापासून सिद्ध करावे आणि उदाहरण सोडवून होईपर्यंत उत्तराचे पान उघडू नये. लेखात याविषयी एक ओळही नव्हती, याचे वाईट वाटले. पुरवणीच्या पुढील अंकात या पद्धतीला जागा द्यावी, ही विनंती.

– भौतिकशास्त्राचा एक शिक्षक